परकीय भाषा पहिल्याच सत्रात सुरू करावी

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयात, शिकून पुढे विद्यापीठात जाता येते. ती दोन वर्षे म्हणजे केवळ स्वस्तात उरकलेले सामान्य विषय, असे मत या चर्चेत मांडले गेले; आंतरराष्ट्रीय अभ्यासापुरते तरी ते मला मान्य नाही. कॅलिफोर्नियात जागतिक अभ्यास या विषयात ट्रान्स्फरसाठीची, म्हणजे पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची, दोन वर्षांची असोसिएट पदवीच आहे, आणि ती घेऊन राज्याच्या स्टेट युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जाण्याचा मार्ग आखून दिलेला आहे.

चर्चेत राहून गेलेली बाब परकीय भाषेची. या विषयाच्या पदवीला अनेक विद्यापीठे मध्यम पातळीपर्यंतची भाषा मागतात, आणि भाषेचे वर्ग एकापाठोपाठ एकच घेता येतात. अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्राप्रमाणे दोन वर्ग एकाच सत्रात उरकता येत नाहीत. माझ्या भाचीने स्पॅनिश पहिल्याच सत्रात घेतली, म्हणून चौथा वर्ग ट्रान्स्फरपूर्वी पूर्ण झाला. तिच्या मैत्रिणीने ती दुसऱ्या वर्षावर ढकलली आणि विद्यापीठात गेल्यावर, संशोधन-निबंधाच्या ऐन धावपळीत, तिला क्रियापदांची रूपे पाठ करावी लागली. कोणता वर्ग कुठे ग्राह्य धरला जातो, हे कॅलिफोर्नियाच्या ‘असिस्ट’ या अधिकृत संकेतस्थळावर कॉलेज आणि विद्यापीठाची जोडी निवडून पाहता येते. हे काम समुपदेशकाच्या पहिल्या भेटीआधीच करावे, असे मी आग्रहाने सांगेन.