डिलीट झालेले एसएमएस परत मिळतील का?

वाटसरू:
अँड्रॉइड १३, मेसेजचं अ‍ॅप गूगलचं. इनबॉक्स आवरताना आज सकाळी एक अख्खं संभाषण चुकून डिलीट झालं. त्यात कराराचे तपशील होते. फोन रूट केलेला नाही, म्हणजे सिस्टिमच्या आतल्या फाइलींचा पूर्ण ताबा घेतलेला नाही. प्ले स्टोअरवरचं एखादं रिकव्हरी अ‍ॅप टाकू का?

खडूफळा:
नका टाकू. एसएमएस फोनच्या आतल्या स्टोरेजमधे एका एसक्यूलाइट डेटाबेसच्या फाइलमधे असतात आणि रूटशिवाय कुठल्याही अ‍ॅपला ती फाइल उघडता येत नाही. ही अ‍ॅप्स एसएमएसची परवानगी मागतात आणि जे मेसेज इनबॉक्समधे आहेतच, तेच दाखवतात. शिवाय तुमचे ओटीपी त्यांच्या हाती लागतात ते वेगळंच. रूट करायला आधी बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो, आणि बहुतेक फोनमधे तेवढ्यानेच सगळा डेटा पुसला जातो.

संभाषण खरंच डिलीट झालंय का, ते आधी बघा. गूगलच्या अ‍ॅपमधे संभाषण बोटाने बाजूला सरकवलं की ते मुळात अर्काइव्ह होतं, म्हणजे इनबॉक्समधून हलवून बाजूला ठेवलं जातं, डिलीट नाही. प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून 'अर्काइव्ह केलेले' आणि 'स्पॅम व ब्लॉक केलेले' हे दोन्ही तपासा. नोटिफिकेशन हिस्टरी (आलेल्या सूचनांची नोंद) आधीपासून चालू असेल तर गेल्या २४ तासांत आलेल्या मेसेजचा मजकूर तिथे सापडू शकतो.

वाटसरू:
अर्काइव्हमधे नाही. सेटिंग्ज > गूगल > बॅकअपमधे काल रात्रीची वेळ दिसते, एसएमएसही त्यात आहेत. फोन रीसेट करून रिस्टोअर करू?

धुळाक्षर:
घाई नको! कालची प्रत सध्या तुमच्याकडची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. पुढचा बॅकअप झाला की तिच्या जागी आजची, म्हणजे संभाषण नसलेली प्रत येईल. फोन चार्जिंगला, वायफायवर आणि न वापरता पडून असला की बॅकअप आपोआप होतो. म्हणून वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर बॅकअपची परवानगी असेल तर तीही काढा. बॅकअपचं मुख्य बटण मात्र बंद करू नका, त्याने सर्व्हरवरची प्रतच पुसली जाऊ शकते.

हा बॅकअप फक्त फोन नव्याने सेट करताना उतरवता येतो. त्यासाठी चालू फोन पुसू नका, दुसरा रिकामा अँड्रॉइड फोन घ्या. त्याची आवृत्ती १३ किंवा पुढची हवी, जुन्या आवृत्तीवर नवा बॅकअप उतरत नाही. तुमच्याच गूगल खात्याने सेटअप करा आणि यादीतून कालचा बॅकअप निवडा. मेसेज आले की 'एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर' या अ‍ॅपने तेवढ्या संभाषणाची एक्सएमएल फाइल काढा आणि ती मूळ फोनवर रिस्टोअर करा. रिस्टोअर करताना हे अ‍ॅप तात्पुरतं डीफॉल्ट मेसेज अ‍ॅप करावं लागतं. नंतर गूगलचं अ‍ॅप पुन्हा डीफॉल्ट करायला विसरू नका, नाहीतर नवे मेसेज नेहमीच्या जागी दिसणार नाहीत.

खडूफळा:
हाच मार्ग बरोबर. दुसरा फोन हाती येईपर्यंत समोरच्या माणसाकडून स्क्रीनशॉट मागून ठेवा, त्याच्याकडे संभाषण असणारच.

आयफोनवाल्यांसाठी: आयओएस १६ पासून मेसेजेसमधे 'रीसेंटली डिलीटेड' आहे, तिथे मेसेज साधारण ३० दिवस राहतात. 'मेसेजेस इन आयक्लाउड' (मेसेज थेट आयक्लाउडवर सिंक करणारी सोय) चालू असेल तर मेसेज आयक्लाउड बॅकअपमधे जातच नाहीत, तेव्हा त्यासाठी फोन रीसेट करू नका.