'घन आम्ल' लिहू की 'स्थायू आम्ल'?

भाचीच्या विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता मराठीत करतेय, विषय आहे पुन्हा पुन्हा वापरता येणारे सॉलिड ॲसिड कॅटॅलिस्ट. कॅटॅलिस्टला उत्प्रेरक आहेच, पण सॉलिडचं काय करू? नुसतं सॉलिड ठेवलं तर पोरं त्याचा अर्थ 'भारी' असाच घेतात. नाशकात कोणी केमिकलमधलं असेल तर सांगा प्लीज.

– ताई, स्थायूच लिहा. मी अंबडला लॅबमध्ये आहे, बोलताना आम्ही सगळे कॅटॅलिस्टच म्हणतो, पण तक्त्यावर 'घन' नकोच, कारण हाताने लिहिलेले घ आणि ध लांबून सारखेच दिसतात आणि रसायनशास्त्रात 'धन' म्हणजे पॉझिटिव्ह, त्यात आम्लाचा सगळा खेळच हायड्रोजनच्या धन आयनाचा, म्हणजे वाचणारा हमखास चुकणार.

'पुनर्वापरयोग्य' पण नको, 'पुन्हा वापरता येणारा' बास झालं. उदाहरण एस्टरचं घ्या, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल मिळून होणारा पदार्थ. ॲसेटिक ॲसिड आणि इथेनॉलपासून इथाइल ॲसिटेट हा एस्टर करताना उत्प्रेरक म्हणून सल्फ्युरिक ॲसिड घातलं तर ते मिश्रणातच मिसळून बसतं, शेवटी सोड्याने न्यूट्रल करा, पाण्याने धुवा, आणि ते सगळं सांडपाण्यात. त्याऐवजी ॲम्बरलिस्ट-15 नावाचं रेझिन, म्हणजे आम्लाचं काम करणारं प्लास्टिकसारखं स्थायू, घेतलं तर त्याचे मोहरीपेक्षा बारीक मणी असतात, ते फिल्टर पेपरवर राहतात, धुऊन वाळवले की पुढच्या बॅचला तयार. कायम टिकतात असं मात्र लिहू नका, हळूहळू दम जातो त्यांचा.

– उत्प्रेरक पोरांना जड जाईल, 'विरजण' का नको? घराघरातला शब्द आहे.

– नको काका, अर्थच बदलतो. विरजणातले जिवाणू दुधात वाढतात, म्हणून तर चमचाभर विरजणाचं पातेलंभर दही होतं. उत्प्रेरक वाढतही नाही आणि खर्चही होत नाही, फक्त क्रियेचा वेग वाढवतो. आणि त्यात 'प्रेरक' आहेच की, मुलं बरोब्बर पकडतात.

ताई, तक्त्यावर झिओलाइट नावाचं खनिज पण घ्या, तेही स्थायू आम्ल म्हणून वापरतात. आपल्या पांडवलेणीच्या बाजूच्या खाणींत काळ्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये त्याचे स्फटिक सापडलेत. फक्त एक आहे, दगडातला झिओलाइट जसाच्या तसा चालत नाही, त्यातल्या सोडियम-कॅल्शियमच्या जागी हायड्रोजन बसवावा लागतो, तेव्हा तो आम्ल होतो.

– वा, हे माहीतच नव्हतं! मग 'पुन्हा वापरता येणारे स्थायू आम्ल उत्प्रेरक' पक्कं. रविवारी भाचीला सिन्नरच्या गारगोटी म्युझियमला नेते, झिओलाइट डोळ्यांनी बघू दे तिला.