कापुस्तिन आणि उपज
रशियन संगीतकार आणि पियानोवादक निकोलाय कापुस्तिनबद्दल 'कापुस्तिन म्हणजे पियानोवर बसून सुचेल ते वाजवणारा जॅझवाला' असं कुणी म्हटलं, तर ते मला अर्धंच पटतं. बाज जॅझचाच, वादच नाही. ऑलेग लुंडस्ट्रेमच्या बिग बँडमध्ये (मोठ्या जॅझ वाद्यवृंदात) तो कित्येक वर्षं पियानोवर होता. पण त्याआधी मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत (संगीत महाविद्यालयात) पियानोवादक गोल्डनवायझरकडे शिकलेला, आणि त्याच्या रचनांत उपज, म्हणजे वाजवता वाजवता ऐनवेळी सुचणं, नाहीच! १९८४ च्या आठ कॉन्सर्ट एट्यूड्स (मैफिलीत वाजवायच्या, तंत्राचा कस लावणाऱ्या छोट्या रचना; ओपस म्हणजे रचना-क्रमांक ४०) ऐकताना सगळं जागच्या जागी सुचतंय असं वाटतं, प्रत्यक्षात स्वर न् स्वर लिहून काढलेला. उपजेवर चालणारा ख्याल ऐकून तयार झालेल्या कानाला हे पचायला जरा वेळ लागतो.

पियानोसाठी वीस सोनाटा (अनेक भागांच्या मोठ्या रचना) लिहूनही रशियाबाहेर त्याचं नाव पसरलं ते उशिरा, स्टीव्हन ऑसबोर्न आणि मार्क-आंद्रे हामलँ या पियानोवादकांच्या ध्वनिमुद्रणांमुळे. शक्य असेल तर स्वरलिपी समोर ठेवून ऐका.