टॉरीनने म्हातारपण लांबतं? आधी वाचा तरी!

तलावपाळीकर: सोसायटीच्या ग्रुपवर काल कुणीतरी टाकलं, 'वयाबरोबर टॉरीन घटतं, आजच सुरू करा, आयुष्य १० टक्के वाढेल.' आई लगेच म्हणाली, मागव. म्हणून सविस्तर लिहितोय. टॉरीन म्हणजे अमिनो आम्लासारखा एक पदार्थ, शरीरात असतोच, पूरक म्हणून डब्यांतही मिळतो. २०२३ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलेले आयुष्यवाढीचे ते १०-१२ टक्के उंदरांचे आहेत. माणसं जास्त जगतात का, हे त्यात तपासलेलंच नाही. २०२५ मध्ये त्याच 'सायन्स'मध्ये अमेरिकन संशोधकांनी माणसं, माकडं आणि उंदीर तिघांचंही रक्त तपासलं. वयाबरोबर टॉरीन बहुतेकांत तेवढंच राहतं किंवा वाढतं. जे घटतच नाही, ते भरून काय काढायचं?

नेरूळचे काका: २०२३ च्याच अभ्यासात माकडांची हाडं सुधारली, उपाशीपोटीची साखर उतरली, ते बरं गाळलंत! मी आठ महिने घेतोय. बागेत चौथ्या फेरीला गुडघा धरायचा, आता सहा होतात.

घोडबंदरवाली: काका, सात किलो वजन उतरवलंत हे तुम्हीच दिवाळीत लिहिलं होतं. श्रेय डब्याला कसं?

चेंदणीची लेक: डबे हवेत कशाला? तिसऱ्या (शिंपले) खा, टॉरीन भरपूर. ते पाण्यात उतरतं. तिसऱ्यांनी तोंडं उघडली की आजी ते पाणी कधी ओतून द्यायची नाही, कालवणातच घालायची. आणि आज त्याच ठाण्यात भाड्याने घर बघायला गेलं की पहिला प्रश्न, 'मासे खाता का?' कोळीवाड्याच्या गावात!

पाचपाखाडी: इथे मासे कुठून आले? माझे आजोबा जन्मभर शाकाहारी, ९१ वर्षं जगले. टॉरीन शरीर स्वतः बनवतं.

चेंदणीची लेक: बनवतं, मान्य. मग आमच्या बोंबलाच्या वासाने तुमचं काय बिघडतं? दोनदा लेखी तक्रार झालीय माझी. दोनदा!

पाचपाखाडी: तक्रार मी केली का? सगळ्या शाकाहाऱ्यांना एका माळेत ओवू नका.

घोडबंदरवाली: तिचं चुकलं नाही. आम्हालाही तीन घरं नाकारली.

नेरूळचे काका: २०२५ चा पेपर मुलाकडून समजून घेतला. ठीक आहे, 'घटतं म्हणून घ्या' हे मागे घेतो. गुडघ्याचं मात्र घेणार नाही.

तलावपाळीकर: तेवढं पुरे. आईला सांगितलंय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही मागवणार नाही. ती रुसलीय.