मदत हवी आहे: ब्रॅकिओप्लास्टीनंतर पुन्हा फळ्यासमोर

वजन उतरल्यावर दोन्ही दंडांची लोंबणारी कातडी शस्त्रक्रियेने (ब्रॅकिओप्लास्टी) काढली आहे. टाके काखेपासून कोपरापर्यंत, आतल्या बाजूने. चौथा आठवडा चालू आहे. ड्रेन (जखमेत साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या) निघाले, जखम कोरडी आहे. ताप, पू, लाली नाही, सूज दोन्हीकडे सारखीच. मधुमेह नाही.

सर्जननी बसून करायच्या कामाला परवानगी दिली आहे. सहा आठवडे होईपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही. पण नोकरी शाळेत, आणि रजा संपत आली आहे. पेपर तपासणं कोपर उशीवर टेकवून जमतं. बसऐवजी रिक्षा ठरवली आहे, कारण वरचा दांडा धरला की ताण थेट काखेतल्या टाक्यांवर येतो, आणि जखम उसवायची भीती तिथेच जास्त. (फळ्यावर मुलांकडून लिहून घेणं आठवीत चालतं, पाचवीत नाही.)

खरी अडचण प्रेशर स्लीव्हची, म्हणजे सूज आटोक्यात राहावी म्हणून दंडावर घालायच्या घट्ट बाहीची. घामाने काखेतली कड गुंडाळून तिचा दोर होतो आणि कातडी सोलते. एक माप मोठी घेतली तर घसरते. आत सुती कापड ठेवलं तर ते ओलंच राहतं.

पाठीवरून जोडलेली, बंडीसारखी स्लीव्ह कुणी ब्लाउजखाली दिवसभर वापरली आहे का? तिची कड गुंडाळते का? आणि उभ्याने शिकवणाऱ्यांनो, बंदी उठल्यावर पूर्ण तास फळ्यावर लिहिणं लगेच जमलं, की आणखी काही आठवडे गेले?