मदत हवी आहे : मोटरहोमच्या ट्रेलर प्लगवरून मागे बांधलेल्या गाडीची बॅटरी चार्ज कशी ठेवायची?

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसजवळ राहतो. गेल्या वर्षी फोर्ड एफ-५३ चासीवरचं ३२ फुटी जुनं मोटरहोम (आत राहता-झोपता येतं अशी बसएवढी गाडी) घेतलं. मागे २०१४ची होंडा सीआर-व्ही चारही चाकांवर ओढत नेतो. अशा गाडीला इकडचे लोक ‘टोड’ म्हणतात, म्हणून लेकीने तिचं नाव बेडूक ठेवलंय.

तर हा बेडूक युटामधल्या मोआबला पोचल्यावर मेला. दिवसभर ओढला, संध्याकाळी सोडवला, चावी फिरवली तर नुसतं टक्‌टक्. सासूबाई सांगलीहून आलेल्या, त्यांना तिथलं आर्चेस नॅशनल पार्क दाखवायचं म्हणून निघालो होतो. शेजारच्या आजोबांनी जंपर केबल दिली, तेव्हा बोनेट उघडलं.

कारण कळलंय. स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून चावी अ‍ॅक्सेसरीवर ठेवावी लागते, शिवाय ब्रेक पेडलवर बसवलेलं पोर्टेबल ब्रेकचं यंत्र १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालतं. घरी मीटर लावून पाहिलं, सरासरी अडीच अँपिअर जातात. आठ तासांत २० अँपिअर-तास, आणि बॅटरी आधीच म्हातारी.

मोटरहोमच्या मागे सात पिनांचा सॉकेट आहे, पण टोडपर्यंत फक्त दिव्यांच्या चार वायरी जातात. सातपैकी एक पिन चार्जिंगची असते असं वाचलं. मीटरवर एका पिनेवर इंजिन बंद असताना शून्य आणि चालू असताना १४.१ व्होल्ट दिसतात. तिथून सरळ वायर ओढून बेडकाच्या बॅटरीला जोडू का? मध्ये डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) हवा का? डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे एका बॅटरीवरून दुसरी नीट चार्ज करणारं यंत्र, घ्यावं असं नवऱ्याचं म्हणणं आहे. किंमत बघून मी गप्प आहे.

प्रतिसाद १

ताई, आधी एक खात्री करा. १४.१ दाखवणारी पिन निळ्या वायरची तर नाही ना? ती इलेक्ट्रिक ब्रेकची असते, तिला हात लावायचा नाही. बॅटरीची वायर बहुतेकदा काळी असते, पण जुन्या गाडीत कुणी काय जोडून ठेवलंय सांगता येत नाही, रंगावर जाऊ नका. मोटरहोमचा ब्रेक दाबायला एकाला बसवा, दिवे, सिग्नल सगळं लावून बघा. इंजिन चालू असेपर्यंत जी पिन कशानेही हलत नाही ती तुमची.

प्रतिसाद २

डायोड नको. साधा सिलिकॉन डायोड ०.७ व्होल्ट खातो. १४.१चे १३.४ झाले, त्यातून लांब वायरीने आणखी घेतले, मग बॅटरीला काय मिळणार?

डायोड लावतात ते मोटरहोमचा स्टार्टर टोडच्या बॅटरीवर हात मारेल या भीतीने. तुमची पिन इंजिन बंद झालं की मरते, म्हणजे तिथे रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) आहे, अर्धी भीती तिथेच संपली. उरलेल्या अर्धीचा हिशेब करा. समजा स्टार्ट मारताना रिले जोडलेलाच आहे. पुढची, म्हणजे मोटरहोमची बॅटरी १० व्होल्टपर्यंत खाली येते, टोडची १२.६ला. अडीच व्होल्टच्या फरकाला एवढ्या लांब, बारीक वायरीतून १०-१२ अँपिअर येतील, तेही दोन सेकंद. इथे वायर बारीक असणं फायद्याचं आहे.

आणि हो, डीसी-टू-डीसी चार्जर चांगलाच, पण उतरलेली बॅटरी भरायची असेल तर. तुम्हाला अडीच अँपिअर जातायत तेवढे परत द्यायचेत. वहिनींचं बरोबर, दादांचे पैसे वाचवा.

फ्यूज मात्र दोन लावा. ही वायर दोन बॅटऱ्यांच्या मध्ये आहे, दोन्हीकडून करंट येऊ शकतो. टो-बारपाशी (दोन गाड्या जोडणाऱ्या दांड्यापाशी) घासून कापली गेली तर मोटरहोमकडचा फ्यूज उडेल, पण टोडच्या बाजूने ती जळत राहील. टोडच्या बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज हवाच.

प्रतिसाद ३

होंडाच्या मायनस टर्मिनलवर बॅटरीवर लक्ष ठेवणारा सेन्सर असू शकतो. अर्थ (मायनसची वायर) तिथे न जोडता चासीच्या बोल्टला द्या. आणि टो-बारच्या लोखंडावर अर्थ सोडू नका, त्याची स्वतंत्र वायर ओढा, प्लसइतकीच जाड.

शिवाय मॅन्युअलमध्ये आहे तसं दर आठ तासांनी थांबून इंजिन चालवून गिअर फिरवता ना? ते चार्जिंगसाठी नाही, गिअरबॉक्ससाठी आहे. वायर टाकली म्हणून ते सुटत नाही.

प्रतिसाद २

विसरलो होतो. नुसत्या मीटरवर विसंबू नका. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, एका तंतूवर लटकलेली वायरसुद्धा त्याला १४ दाखवते. हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब त्या पिनेला आणि सॉकेटच्या अर्थला जोडा, बल्ब पेटलेला असताना मोजा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. पिन काळ्या वायरीचीच निघाली, ब्रेक दाबून हलत नाही.

बल्ब लावला आणि पोटात गोळा आला. १०.८ व्होल्ट! बल्ब मंद, पिवळट. सॉकेटचा अर्थ सोडून थेट चासीला बल्ब जोडला तर लख्ख. सॉकेटमागचा अर्थचा स्क्रू गंजून केशरी झालेला, हातानेच निघाला. ब्रशने घासून नवीन रिंग टर्मिनल लावलं, आता बल्ब पेटलेला असताना १३.६. मागचा उजवा सिग्नल अधूनमधून मंद व्हायचा, तोही सुधारला. आम्ही त्याचे दोन बल्ब बदलले होते.

शनिवारी वायर ओढते. आता एवढंच सांगा, बेडकाच्या पुढच्या बंपरवर वेगळा सॉकेट बसवू, की दिव्यांचा चार पिनांचा काढून तिथेच सहा पिनांचा गोल टाकू?

प्रतिसाद १

सहाचा गोल टाका. दोन प्लग ठेवले की एक लावायचा राहतोच, आणि नेमका चार्जिंगचा राहतो. माझा राहिला होता.