भंगारातल्या सर्व्हर रॅकवर कोम्बुचाचा स्टँड?

प्रश्न: कोम्बुचा, म्हणजे आंबवलेला चहा, घरी करायचाय. इंदूरला भंगारात १९ इंची, ४२ यूची सर्व्हर रॅक (संगणकाचे सर्व्हर ठेवायची धातूची उंच चौकट; यू हे तिच्या उंचीचं माप, १ यू म्हणजे साधारण ४.४५ सेंमी) मिळतेय. वर २० लिटरची चहाची टाकी, खाली काचेच्या दोन बरण्या, जमेल का?

उत्तर १: जमेल, पण टाकी वर नको. भरली की २० किलोच्या वर जाते आणि उंच रॅक सरकवताना कलंडते. २० यूवर, म्हणजे साधारण ८९ सेंमीवर कापून घ्या. फळी चारही खांबांना कसा. नुसती पुढच्या दोघांवर टांगलेली मागून झुकतेच. खांबांमध्ये जागा जेमतेम ४५ सेंमी, तेव्हा ३० सेंमी रुंदीच्या बरण्या शेजारी बसणार नाहीत, एकीमागे एक ठेवा.

उत्तर २: वेल्डिंग करणार असाल तर जस्ताचा मुलामा आधी घासून काढा, त्याच्या धुराने ताप भरतो. शक्यतो एम६ (६ मिमीचे) बोल्ट आणि केज नट, म्हणजे रॅकच्या चौकोनी भोकात बसणारे नट, यांवरच भागवा. शेगडी रॅकमध्ये अजिबात नको, पावडर कोटिंग जळतं. चहा ओट्यावरच उकळा.

उत्तर ३: आंबट थेंब जस्त खातात, म्हणून बरणीखाली स्टीलचं ताट हवंच. नळही स्टेनलेस स्टीलचा, पितळी नको. तोंडाला दाट विणीचं सुती कापड बांधा, विरळ असेल तर चिलटं आत शिरतात. बाजूचे पत्रे काढा; चहा आंबताना २४ ते २९ अंश सेल्सिअस राखायचेत, मे महिन्यात स्टँड घरातल्या सगळ्यात गार खोलीत हलवा.